रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

पत्र:
"डॉक्टर, मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. वय ३४. ऑगस्टअखेर डेंग्यू झाला, प्लेटलेट २६ हजारांवर आल्या, आमच्याच हॉस्पिटलात पाच दिवस भरती होते. सुट्टी झाल्यावर आठवड्याभरात ड्युटीवर रुजू झाले आणि लगेच नाइट लागली. आता नोव्हेंबर संपत आला. ताप नाही, प्लेटलेट दोन लाखांच्या वर, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण एक जिना चढला की पाय लटपटतात. नाइटवरून आल्यावर अकरापर्यंत डोळा लागत नाही आणि एक वाजता जाग येते. ऑफच्या रात्री अडीच-तीनपर्यंत टक्क जागी असते. दिवाळीच्या आधी एक दिवस बरं वाटलं म्हणून माळा साफ केला, तर पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. मागच्या आठवड्यात पहाटे एका पेशंटच्या ड्रिपचा रेट चुकला. बाजूच्या सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, 'रिपोर्ट तर नॉर्मल येऊन राहिले ना, मग काय होऊन राहिलं तुला?' सासूबाईंना वाटतं मी कामाचा कंटाळा करते. मैत्रिणीने झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी दिली होती, चार-पाच वेळा घेतली. हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? नोकरी सोडून देऊ का? ता.क. केसही खूप झडताहेत, कंगव्यात गुंतवळ येतं. काय करू?"
– एक सिस्टर, मानेवाडा

उत्तर:

सिस्टर, हे मनाचे खेळ नाहीत. नोकरीही सोडू नका. पण नाइट ड्युटी काही आठवड्यांसाठी बंद करून घ्या, आणि तोंडी विनंती न करता लेखी मागा. पुढचं सगळं याच मागणीच्या आधारासाठी लिहितो आहे.

आधी त्या 'नॉर्मल' रिपोर्टांबद्दल. डेंग्यूच्या दिवसांत अख्खा वॉर्ड प्लेटलेटकडे डोळे लावून बसलेला असतो. नातेवाईक बकरीचं दूध आणि पपईच्या पानांचा रस घेऊन धावत असतात. आकडा वर चढला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ते योग्यच आहे. मात्र तो आकडा रक्तस्रावाचा धोका टळल्याचं सांगतो, अंगातली ताकद परत आल्याचं सांगत नाही. विषाणूशी झुंजताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांनीच अंग गळून जातं, झोप तुटक होते आणि डोकं जड राहतं. ताप उतरल्यावर हे सगळं त्याच दिवशी थांबत नाही. डेंग्यूनंतरचा थकवा बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो, काहींचा महिनोन्‌महिने रेंगाळतो. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची साथ आली होती, तेव्हा महिनोन्‌महिने सांधे धरलेले पेशंट तुम्ही स्वतः पाहिले असतील. कोविडच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या लांबलेल्या त्रासाची रीतसर व्याख्याच केली: आजार झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कशानेही उलगडा न होणारी लक्षणं. त्यांत थकवा अगदी वरच्या क्रमाला आहे. तुमचा आजार डेंग्यू, ही व्याख्या त्याची नव्हे. पण "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस ठणठणीत" हे समीकरण डॉक्टरी शास्त्राने केव्हाच सोडून दिलं आहे, एवढं त्यावरून कळावं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याच पेशाची आहे. जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात संसर्गासारखा एक आजार पसरला. २९२ कर्मचारी आजारी पडले. त्यांत नर्सेस होत्या, डॉक्टर होते, इतर स्टाफही होता. आश्चर्य असं की भरती असलेल्या पेशंटपैकी अगदी मोजक्यांनाच तो झाला. हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. कारणीभूत जंतू सापडला नाही, पण अनेकांचा थकवा आणि स्नायूंची दुर्बलता पुढे खूप काळ राहिली. मग १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून, त्या पेशंटना न तपासता, हा 'सामूहिक उन्माद' असल्याचं लिहिलं. त्यांच्या मुद्द्यांपैकी एक होता, आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. त्या लेखाचं सावट पुढे कित्येक वर्षं अशा पेशंटवर राहिलं. तुमच्या इन्चार्ज सिस्टर आणि सासूबाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण बाईने, त्यातही नर्सने, थकल्याचं सांगितलं की आधी तिच्या मनावर बोट ठेवायचं, ही खोड फार जुनी आहे. तिच्यापुढे मान तुकवू नका.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य, तेही तुम्ही सहज लिहून गेलात: माळा साफ केला आणि दोन दिवस उठता आलं नाही. नुसत्या अशक्तपणात काम केल्यावर दम लागतो, घटकाभर टेकलं की बरं वाटतं. इथे तसं झालं नाही. काम झेपलं, त्या दिवशी बरंच वाटलं, आणि फटका दुसऱ्या दिवशी बसला. श्रमानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी असं कोसळणं ही विषाणूनंतरच्या थकव्याची ओळखीची खूण आहे. असा थकवा जोर लावून हटत नाही, उलट प्रत्येक कोसळण्यानंतर माणूस थोडा आणखी मागे जातो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजारासाठीची आपली मार्गदर्शिका बदलली आणि ठरलेल्या पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला काढून टाकला. तुम्हाला तो आजार आहे असा शिक्का मी मारत नाही. तीन महिने आत्ता कुठे होत आले आहेत, आणि या टप्प्यावरून बरे होणारेच जास्त असतात. पण "रोज पहाटे उठून फिरायला जा, अंगात ताकद येईल" असं कोणी सांगितलं, तर सध्या ऐकून सोडून द्या.

त्याऐवजी तुम्हाला हातखंडा येणारं एक काम करा. पेशंटचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरता तसा पंधरा दिवस स्वतःचा चार्ट भरा. साधी वही पुरे. झोप किती वाजता लागली आणि जाग कधी आली, ड्युटी कोणती होती, घरी काय काम केलं, आणि दुसऱ्या दिवशी अंगात बळ किती होतं, शून्य ते दहामध्ये. शिवाय सकाळी उठण्याआधी, पडल्यापडल्या नाडी मोजा. मग उभ्या राहून दोन, पाच आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. शक्य असेल तर बीपीही घ्या. हे करताना घरातलं कोणीतरी जवळ असू द्या आणि चक्कर येतेय वाटलं तर लगेच बसा. उभं राहिल्यावर नाडी दहा मिनिटांत तीस किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. विषाणूनंतर शरीराची ही आपोआप चालणारी यंत्रणा बिघडू शकते आणि त्यावर उपाय आहेत. पण वॉर्डातली सलाईन स्वतःला लावून घेणं हा त्यातला उपाय नव्हे. एमव्हीआयची (व्हिटॅमिनच्या सलाईनची) बाटली एकमेकींना लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, मला ठाऊक आहे. लघवी पिवळी होण्यापलीकडे तुमच्या तक्रारीला तिचा फारसा उपयोग नाही.

वहीतून चार दिवसांत दिसेल की कशावर तुम्ही कोसळता. काहींना ते उभ्याने स्वयंपाक केल्यावर होतं, काहींना दुपारी बाजार करून लगेच ड्युटीला निघाल्यावर. त्या रेषेच्या अलीकडेच थांबा. बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा थांबा, कारण घात त्याच दिवशी होतो. पोळ्या बसून लाटा, कणीक दुसऱ्याला मळू द्या, वॉर्डात रिपोर्ट लिहिताना उभं राहू नका.

तपासण्यांबाबत, 'सगळे' रिपोर्ट म्हणजे नेमके कोणते, हे तुम्ही लिहिलं नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), साखर, बी-१२, व्हिटॅमिन डी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. फेरिटिन भरती असताना केलं असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा. डेंग्यूत फेरिटिन खूप वर जातं, त्यामुळे अंगात लोह कमी असलं तरी तेव्हा ते झाकलं जातं. आता तीन महिन्यांनी पुन्हा केलं तर खरी स्थिती कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. तुम्ही त्यांत नसाल असं गृहीत धरू नका. लोह कमी असलं की रात्री पायांत वळवळ होते, पाय सारखे हलवावेसे वाटतात आणि झोप त्यानेही मोडते. तुम्ही घोरता का, हे मिस्टरांना विचारा. संध्याकाळचा बारीक ताप, खोकला, वजन घटणं यांतलं काही असेल तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे आजच. मेडिसिन वॉर्डातल्या सिस्टरने टीबी विसरून चालत नाही. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, भोवळ येऊन पडणं यांपैकी काहीही झालं तर वही-बिही राहू द्या, थेट कॅज्युअल्टी गाठा.

आता झोप. सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ आणि नाइट आठ ते आठ, या आपल्याकडच्या नेहमीच्या पाळ्या. म्हणजे नाइट पूर्ण बारा तासांची, तीही लागोपाठ अनेक. धडधाकट माणसालाही दिवसाची झोप रात्रीइतकी मिळत नाही. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळी आठनंतर ते शरीराला जागं करायला लागलेलं असतं, म्हणून कितीही थकलात तरी एक वाजता डोळे उघडतात. बरं होण्याच्या काळात शरीराला सगळ्यात जास्त झोपेची गरज असते आणि नाइट नेमकी तीच हिरावून घेते. तुमचा डेंग्यू संपला, पण तुम्हाला बरं व्हायला मोकळी रात्र अजून मिळालेलीच नाही. म्हणूनच नाइट बंद करायला सांगतोय.

पाळी निवडायची सोय असेल तर सुरुवातीला दुपारची मागा. सकाळच्या ड्युटीसाठी साडेपाचला उठावं लागतं, आणि रात्री तीनला झोप लागणाऱ्या माणसाला ते जड जातं. नाइट बंद झाली की उठण्याची एकच वेळ ठरवा, समजा सात, आणि ऑफलाही तीच पाळा. आदल्या रात्री झोप कितीही कमी झाली असो. उठल्यावर अर्धा तास गॅलरीत किंवा अंगणात कोवळ्या उन्हात बसा. नागपूरच्या थंडीत त्याचा कंटाळा येणार नाही. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका, चार वाजल्यानंतर चहा नको. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं. अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटं तळमळलात तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. घड्याळाकडे बघू नका. सुरुवातीचा आठवडा-पंधरवडा हे जिवावर येईल, पण जुनाट निद्रानाशावर जगभरात पहिला उपचार म्हणून हीच पद्धत सांगितली जाते, गोळी नव्हे.

गोळीबद्दल कडक शब्दांत सांगावं लागेल. अल्प्राझोलाम थांबवा. चार-पाच वेळा अर्धी घेतली एवढंच असेल तर थांबवायला अडचण नाही. रोज घेत असाल तर मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करा. तिचा अंमल सकाळपर्यंत उरतो, सवय लवकर लागते, आणि अर्धवट गुंगीत मेडिकल चौकातून मानेवाड्याकडे गाडी काढणं हा जिवाशी खेळ आहे. मैत्रिणीकडे ती कुठून आली हेही विचारून घ्या. वॉर्डाच्या स्टॉकमधली असेल तर उद्या हिशेब लागला नाही की दोघींची नोकरी जाईल.

महिनाअखेरीपर्यंत नाइट करावीच लागली, तर ड्युटीआधी दुपारी दीड तास झोपून जा, रात्री दोननंतर चहा नको, सकाळी निघताना काळा चष्मा लावा आणि गाडी स्वतः चालवू नका. मिस्टर घ्यायला येतील किंवा ऑटो करा. घरी आल्यावर पोहे-उपमा असं हलकं काहीतरी खाऊन थेट आडव्या व्हा. कपडे, भांडी, मुलांचा डबा यातलं काही नाही. फोन दुसऱ्या खोलीत, बेल बंद, आणि शेजारी-पाजारी "सिस्टर, जरा इंजेक्शन देता का" म्हणत आले तर सासूबाईंनी दारातूनच परत पाठवायचं. ही जबाबदारी त्यांना द्या. तुमच्या आजारपणात करण्यासारखं काही ठरावीक काम हाती आलं, तर त्यांचाही सूर बदलेल असं मला वाटतं.

आता अर्ज. तोंडी सांगितलेलं इन्चार्जच्या हँडओव्हरमध्ये हरवतं, म्हणून मेट्रन मॅडमच्या नावे द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. मजकूर असा चालेल:

"मला ऑगस्टमध्ये डेंग्यू होऊन मी भरती होते. त्यानंतरचा थकवा व निद्रानाश अद्याप कायम असून डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. पुढील आठ आठवडे मला नाइट ड्युटीतून सूट देऊन दुपारची किंवा सकाळची पाळी द्यावी. त्या काळात लागोपाठ पाळ्या बदलू नयेत. या काळानंतर पुन्हा तपासणी करून फिटनेस सादर करीन."

त्यात रडगाणं नको, आभाराचे ढीग नकोत. मुदत लिहिल्याने प्रशासनाला होकार द्यायला सोपं जातं. सोबत वहीच्या दोन पानांची झेरॉक्स लावा. ड्रिपचा प्रसंग मेट्रनना समोरासमोर सांगा. लपवल्याने तो नाहीसा होणार नाही आणि तुमच्या मागणीचं तेच सगळ्यात भक्कम कारण आहे. पहाटे चारच्या सुमारास माणसाची सावधगिरी तळाला गेलेली असते. नाइट बंद होईपर्यंत इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम क्लोराइड अशी जोखमीची औषधं देताना दुसऱ्या सिस्टरकडून पडताळणी केल्याशिवाय हात लावू नका. कमीपणा वाटायचं कारण नाही, नियमच तसा असायला हवा.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात आहे का बघा. एकूण पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ती असायला हवी, तुमच्या वाट्याची ०.७५ टक्के. असेल तर पात्रतेचे दिवस भरल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दाखला मात्र ईएसआयच्या डॉक्टरांचा लागतो, आपल्या हॉस्पिटलच्या कन्सल्टंटचा चालत नाही. म्हणजे हॉस्पिटलने नाइट बंद करायला नकार दिला तरी राजीनामा हा एकमेव रस्ता उरत नाही. तीन-चार आठवड्यांची रजा घेऊन झोप रुळावर आणता येईल. राजीनाम्याचा विचार तोवर बाजूला ठेवा. इतक्या थकलेल्या डोक्याने एवढा मोठा निर्णय घेऊ नये.

मनाबद्दल एवढंच विचारतो: मुलाशी खेळावं, मैत्रिणीकडे जावं, काही चांगलंचुंगलं करून खावं असं वाटतं का? वाटतं पण अंग साथ देत नाही, असं असेल तर तो शरीराचा थकवा. वाटेनासंच झालं असेल, सारखं रडू येत असेल, तर सोबत नैराश्यही आलेलं असू शकतं. आजारपण रेंगाळलं की ते येतं, त्यात लाजायचं काही नाही. जगणं नकोसं वाटलं तर त्याच घटकेला मिस्टरांना सांगा आणि टेलिमानसचा १४४१६ लावा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

ताजा कलमात तुम्ही केसांबद्दल विचारलं आहे, कंगव्यात गुंतवळ येतं म्हणून. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे झडतात, तुमचं वेळापत्रक अगदी जुळतं. महागडी तेलं घेऊ नका. बहुतेकींचं तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि नवे केस येतात. मार्चपर्यंत थांबलं नाही तर फेरिटिन आणि टीएसएचचे रिपोर्ट घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.